जगाच्या जंगलांचे करार आणि आपलं कोकणातलं मालकी रान

रातांबा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात आहे, आज बसून लिहितेच. लांबलंय, पण वाचा आणि मत द्या.

सगळ्या देशांनी मिळून जंगलं वाचवावीत ही चर्चा तीस वर्षांहून जुनी आहे. १९९२ ला रिओमधे वसुंधरा परिषद झाली, तिथे हवामानाचा करार झाला, जैवविविधतेचा झाला, वाळवंटीकरणाचा पुढे दोन वर्षांनी झाला. जंगलाचा मात्र झाला नाही. जंगलांसाठी नुसती तत्त्वं लिहिली आणि ती कुणावर कायद्याने बंधनकारक नाहीत हे मथळ्यातच लिहून टाकलं. कारण भांडण तिथेच होतं, श्रीमंत देशांचं म्हणणं जंगल ही साऱ्या जगाची ठेव आहे, आणि मलेशिया, भारत म्हणत होते की तुम्ही तुमची जंगलं तोडून मोठे झालात, आता आमची आम्ही कशी वापरायची ते तुम्ही ठरवू नका. हा वाद आज २०३० तोंडावर आलं तरी मिटलेला नाही.

मग २०१४ ला न्यूयॉर्कची घोषणा झाली, २०२० पर्यंत जंगलतोड निम्म्यावर आणि २०३० पर्यंत बंद. २०२० येऊन गेलं, निम्मी काही झाली नाही. २०२१ ला ग्लासगोत परत तेच, १४० हून जास्त देशांनी सही केली, २०३० पर्यंत थांबवू म्हणून. आणि २०२४ या एका वर्षात उष्ण कटिबंधातलं ६७ लाख हेक्टर मूळ जंगल गेलं, त्यात आगींचा वाटा फार मोठा.

आता हे मी का लिहितेय. मी संगमेश्वर तालुक्यात राहते. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याची जमीन अगदी थोडी, जे काही हिरवं दिसतं ते बहुतेक सगळं मालकीचं रान. ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा, कुंभा. आणि ते तुटतं कसं हे इथल्यांना सांगायला नको. ठेकेदार येतो, डोंगराकडे बघून उक्तं ठरवतो, झाडं मोजत पण नाही. मग कटर मशीन, मग ट्रक, आणि घाट चढून जळाऊ लाकूड वर जातं. पुढच्या पावसाआधी जेसीबीने मजगी म्हणजे उतारावर पायऱ्या पाडून काजू. मालकाच्या हातात जे पडतं ते लाकडाच्या बाजारभावाच्या मानाने फारच कमी असतं पण रोख असतं आणि एकदम असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की देशादेशांच्या करारांची खरी परीक्षा न्यूयॉर्क किंवा ग्लासगोत होत नाही. ज्याच्या नावावर रान आहे त्याच्यापर्यंत पैसा पोचतो का, आणि जो माल विकत घेतो तो 'हे कुठून आणलंत' असं विचारतो का, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. जिथे हे दोन्ही झालं तिथे जंगल टिकलंय, आणि त्याची उदाहरणं ब्राझीलपासून आपल्या तालुक्यापर्यंत आहेत.

आपल्या तालुक्याचंच आधी सांगते. संगमेश्वर भागात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने मालकांशी बोलून जुने बेहडे राखलेत. बेहड्याचं फळ औषधी, त्याला फेअरवाइल्ड नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवलं, म्हणजे जंगली माल ओरबाडून न घेता गोळा केलाय याची खात्री. फळ पिकून खाली पडलेलंच घ्यायचं, काही जनावरांसाठी सोडायचं, गोळा करणाऱ्याला रास्त मोबदला. तो माल ब्रिटनच्या हर्बल चहावाल्यांपर्यंत जातो आणि ते नेहमीपेक्षा जास्त दर देतात. या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटं करतो. मादी आत बसते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवून, नर दिवसभर उंबराची फळं आणून त्या फटीतून भरवत राहतो. एवढी मोठी ढोली पडायला झाड शंभरी गाठलेलं लागतं, काल लावलेलं रोप तिथे काही कामाचं नाही. तर लंडनमधल्या कुणाच्या तरी चहामुळे आमच्याकडचा हा बेहडा उभा आहे. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते मला तरी इथे दिसतं.

तुम्हाला काय वाटतं?

जहाजी_गुहागर

उत्तम धागा. मी मर्चंट नेव्हीत आयुष्य काढलं, त्यातली बरीच वर्षं केमिकल टँकरवर, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर लिहितो, विकत घेणाऱ्याच्या.

इंडोनेशियात सुमात्राला दुमाई म्हणून बंदर आहे, तिथून पामतेल भरून आम्ही कांडल्याला यायचो. पामतेल गार झालं की थिजतं, म्हणून टाक्यांमधे हीटिंग कॉइल असतात आणि अख्ख्या प्रवासात दिवसातून दोनदा टेंपरेचर घेऊन लॉग भरावा लागतो, जास्त तापवलं तर माल खराब, कमी पडलं तर पंप उचलत नाही. जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करणारा देश आपला भारत आहे. बिस्किट, फरसाण, साबण, हॉटेलातली तळणी, सगळीकडे तेच. आणि ते तेल जिथून येतं तिथे पूर्वी काय होतं, तर पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या जाड थरावरची दलदलीची जंगलं. ती कोरडी करून जाळतात तेव्हा जमिनीच्या आत आग धुमसत राहते, विझता विझत नाही. २०१५ साली मलाक्काच्या सामुद्रधुनीत धुराने असं झालं होतं की भर दुपारी पुढचं जहाज रडारवर दिसायचं पण डोळ्याला नाही.

त्या धुरावर पण करार आहे बरं. आग्नेय आशियातल्या आसियान देशांनी २००२ साली केला. ज्या देशात आगी लागतात त्या इंडोनेशियाने तो मंजूर कधी केला, २०१४ ला. तोपर्यंत सिंगापूर आणि मलेशिया खोकत बसले. म्हणजे करारावर ज्याची सही सगळ्यात गरजेची तोच शेवटी येतो.

पण एक सांगतो, इंडोनेशियाने २०११ ला मूळ जंगलात नवीन परवाने द्यायचे थांबवले आणि २०१९ ला ती बंदी कायमची केली. त्यामागे नॉर्वेने २०१० ला शंभर कोटी डॉलर देऊ केले होते ते एक मोठं कारण. २०१६ नंतर तिथली तोड बरीच उतरली. तेव्हा पैशाने काहीच होत नाही असं नाही.

कोकणचो_झील

माका एक कळणा नाय. देश देश बसान करार करतत ता ठीक, पण आमच्या वाडीत येवन कोण इचारता? गेल्या शिमग्याआधी शेजारच्या डोंगरार मशीन लागली. ठेकेदारान पैशे रोख दिल्यान, पोराच्या ॲडमिशनाक व्हये होते म्हणान तेनी रान दिल्यानी. तेंका नावा तरी कशी ठेवायची. आता खालच्या व्हाळाक मे महिन्यात पाणी नाय. ह्या पाण्याची किंमत त्या ठेक्यात कोणी धरल्यानच नाय.

पर्णिका

@कोकणचो_झील, दादा तुमचं शेवटचं वाक्य म्हणजे अख्ख्या विषयाचं मूळ आहे.

मी दापोलीला वनशास्त्र शिकतेय, आमच्या अभ्यासात रेड प्लस म्हणून येतं. २००७ ला बालीच्या हवामान परिषदेत हे पुढे आलं आणि २०१३ ला वॉर्सात त्याचे नियम पक्के झाले, पॅरिस कराराच्या पाचव्या कलमात पण आहे. कल्पना सोपी आहे. आधी मोजायचं की दर वर्षी किती जंगल जात होतं, मग ते कमी करून दाखवायचं, आणि जेवढा कार्बन वाचला त्याचे पैसे बाहेरच्या देशांनी द्यायचे. काम आधी पैसे नंतर.

ब्राझीलचा ॲमेझॉन फंड असाच, २००८ ला सुरू झाला, नॉर्वेचा पैसा सगळ्यात जास्त, मग जर्मनी. २००४ साली ॲमेझॉनमधे जवळजवळ २७,८०० चौरस किलोमीटर जंगल गेलं होतं, २०१२ ला ते साडेचार हजारांच्या आसपास आलं. अर्थात ते नुसतं फंडामुळे नाही, त्यांची उपग्रहावरून नजर ठेवणारी संस्था आहे, धाडी पडत होत्या, कर्ज रोखली जात होती. आणि २००६ पासून सोयाबीनच्या मोठ्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की ॲमेझॉनमधे नव्याने तोडलेल्या जमिनीवरचा सोया घ्यायचाच नाही, त्याचा फार उपयोग झाला. रातांबाताई म्हणतात ते दोन्ही मुद्दे तिथे एकत्र आले. २०१९ ला सरकार बदललं, फंडाच्या समित्या मोडल्या, नॉर्वेने हात आखडला आणि २०२१ पर्यंत तोड परत १३,००० वर गेली. २०२३ च्या जानेवारीत फंड परत चालू झाला आणि आकडा पुन्हा खाली आला.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मोजणं. मोजलं नाही तर कुणाला पैसे द्यायचे आणि कशाचे.

सह्याद्रीपुत्र

मला हे सगळं पटत नाही, स्पष्ट लिहितो. युरोपने स्वतःची जुनी जंगलं शेकडो वर्षांपूर्वी तोडली, त्यांच्या कारखान्यांच्या धुराने हवामान बिघडलं, आणि आता त्यांचा कार्बन शोषायला आमच्या शेतकऱ्याने डोंगर पडीक ठेवायचा? भारताने ग्लासगोला सही केली नाही ते योग्यच केलं, जंगलाच्या नावाखाली व्यापारावर अटी येत होत्या. आमच्याकडे पश्चिम घाटाच्या गाडगीळ, कस्तुरीरंगन अहवालांच्या वेळी काय झालं ते आठवा, गावागावात लोक उठले कारण कुणी विश्वासात घेतलंच नव्हतं. वरून आलेली बंधनं कोकणी माणूस मानणार नाही, मग ती मुंबईची असोत नाहीतर जिनिव्हाची.

रातांबा

सह्याद्रीपुत्र, तुमचा राग मला परका नाही आणि निम्मं म्हणणं मला मान्य आहे. ज्याने बिघडवलं त्याने जास्त भरावं हे तर रिओपासून सगळे गरीब देश सांगतायत. म्हणूनच तर मी म्हणतेय की पैसा पोचला पाहिजे, फुकट कुणी राखू नये.

पण डोंगर 'पडीक' असतो हे मला मान्य नाही. त्या पडीक डोंगरातून व्हाळाला पाणी येतं, गुरांना चारा येतो, शेताला कवळ, म्हणजे भाजावळीचा झाडपाला येतो. वर झीलदादांनी लिहिलंय ते वाचा, त्यांच्या व्हाळाचं पाणी इंग्लंडला जात नव्हतं. तिवरे, तळिये, इर्शाळवाडीच्या दुर्घटना आठवा, सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना आणखी काय सांगायचं. त्या प्रत्येक घटनेचं कारण जंगलतोडच असं मी म्हणत नाहीये, तिवऱ्याला तर धरण फुटलं, पण चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या उतारावर मुळं हवीत की नकोत?

सातबारा

एक व्यवहाराची बाजू. मी जमिनीच्या कागदपत्रांची कामं करतो.

पैसे द्यायचे ठरलं समजा. द्यायचे कुणाला? आपल्याकडे डोंगराच्या एका सर्व्हे नंबरवर पंचवीस-तीस नावं, त्यातली निम्मी मयत, वारस लागलेले नाहीत, एक भाऊ दादरला, एक सुरतेला, आत्याच्या मुली कुठे दिल्यात ते कुणाला माहीत नाही. ठेकेदाराला याची अडचण होत नाही, गावात असलेल्या दोघातिघांच्या सह्या घेऊन तो तोड उरकतो आणि बाकीच्यांना नंतर कळतं. राखायचा करार करायचा असेल तर मात्र सगळ्यांच्या सह्या लागतात. म्हणजे तोडायला तीन सह्या आणि राखायला तीस.

आणि हे फक्त कोकणात आहे असं समजू नका. रेड प्लसचं मी थोडं वाचलंय, आफ्रिकेत, इंडोनेशियात सगळीकडे हाच घोळ, जंगलात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांकडे कागद नाही आणि कागद ज्याच्याकडे तो राजधानीत. पैसा मग तिथेच थांबतो.

पर्णिका

सातबारा काका, एकदम बरोबर. आणि म्हणूनच २०२५ ला ब्राझीलमधे बेलेमच्या हवामान परिषदेत जो नवा फंड जाहीर झाला, ट्रॉपिकल फॉरेस्ट फॉरेव्हर फॅसिलिटी, त्यात निदान २० टक्के रक्कम थेट आदिवासी आणि स्थानिक समाजांना जावी अशी अट आहे. त्याची रचना पण वेगळी आहे. देणगी नाही, मोठी गंगाजळी उभी करायची, लक्ष्य १२५ अब्ज डॉलरचं, ती बाजारात गुंतवायची आणि गुंतवणूकदारांचं व्याज देऊन वर जे उरेल ते उभं जंगल राखणाऱ्या देशांना हेक्टरी साधारण चार डॉलर वर्षाला. तोडलं तर त्यातून दंड कापायचा, उपग्रहावरून बघून. नॉर्वेने तीन अब्ज कबूल केलेत, ब्राझील आणि इंडोनेशियाने स्वतः एकेक अब्ज. लक्ष्याच्या मानाने अजून फार लांब आहे.

सातबारा

चार डॉलर हेक्टरी म्हणजे आजच्या भावाने साडेतीनशे रुपयांच्या आसपास. एकरी दीडशेच्या आत. गुंठ्याला साडेतीन रुपये. त्यातले पण देशाला मिळणार आणि त्याचा पाचवा हिस्सा खाली.

सह्याद्रीपुत्र

@सातबारा, हेच मी म्हणत होतो. गुंठ्याला साडेतीन रुपये घेऊन कोण ठेकेदाराला नाही म्हणणार?

जहाजी_गुहागर

सह्याद्रीपुत्र, ॲमेझॉनच्या मधोमध लाखो हेक्टर सलग जंगल असतं तिथे या दराची बेरीज मोठी होते. आपल्या दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यांना तो मार्ग नाही हे खरंय. आपल्याला बेहड्याचाच मार्ग, माल आणि त्याला जास्त दर. प्रत्येक देशाला, प्रत्येक प्रांताला एकच औषध चालणार नाही.

आणि अटींचं म्हणाल तर युरोपने २०२३ ला कायदाच केलाय. सात गोष्टी आहेत त्यात, गुरं, कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोया आणि लाकूड. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरचा माल युरोपात विकायचा नाही, आणि ती जमीन नेमकी कुठली हे नकाशावर दाखवायचं. त्याची अंमलबजावणी पुढे पुढे ढकलतायत, मलेशिया-इंडोनेशिया नाराज आहेत, छोट्या शेतकऱ्याला हा नकाशाचा खर्च झेपायचा कसा हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण प्रश्न विचारायला सुरुवात झाली. आपण सगळ्यात मोठे गिऱ्हाईक असून आपण हा प्रश्न कधीच विचारला नाही, याचं मला वाईट वाटतं.

तिळारीकाठ

दोडामार्गातून लिहितोय. त्या सात वस्तूंत रबर आहे हे वाचून थांबलो. आमच्या तालुक्यात डोंगरच्या डोंगर रबर आणि अननसाखाली गेलेत, बाहेरून आलेल्या मंडळींनी जमिनी घेतल्या आणि कितीतरी जुनं रान गेलं. हायकोर्टाने तालुक्यात वृक्षतोडीवर बंदी घातलीय तरी तोड थांबलेली नाही. इथे वाघ फिरतो, हत्ती आहेत, बांबर्ड्याला देवळाच्या राईत जायफळाच्या जातीच्या झाडांची दलदल आहे, पाण्यातून वर आलेली गुडघ्यासारखी मुळं असलेली, २०२१ ला तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. ती वाचली कारण देवाची होती. पलीकडचं माणसाचं होतं ते गेलं.

युरोप रबराचं विचारतोय. काजूचं कुणी विचारत नाही. आणि कोकणात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सगळ्यात जास्त रान कशासाठी साफ झालं असेल तर ते काजूसाठी. काजूवाल्यांना दोष नाही, मी स्वतः काजू लावलाय, माझं घर त्यावर चालतं. पण जुन्या रानाला हात न लावता, वरकस म्हणजे हलक्या जमिनीच्या माळावर लावलेल्या काजूला जर चार पैसे जास्त मिळाले तर पुढचा माणूस रान तोडताना विचार करेल. असं प्रमाणपत्र काजूला का नसावं?

रातांबा

तिळारीकाठ, हे मला सुचलंच नव्हतं आणि फार मोलाचं आहे. वरकसवरचा काजू वेगळा, रान तोडून केलेला वेगळा, हे जुन्या उपग्रह चित्रांवरून आज दाखवता येतं, घरबसल्या.

खाडीकाठची

मी वेंगुर्ल्याची. एवढं सगळं डोंगराचं चाललंय, खाजण-खाडीतलं जंगल विसरू नका. कांदळवन पण जंगलच आहे.

आमच्याकडे संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपीचा प्रकल्प आला होता सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी, पैसा जागतिक पर्यावरण निधीचा. त्यातून मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी कांदळवन सफारी सुरू केली. स्वतः होडी वल्हवतात, पर्यटकांना तिवर कुठला, कांदळ कुठला ते दाखवतात. आधी त्यांच्यातल्या कितीजणी मासे विकायच्या. पूर्वी या झाडांना लोक चिखलातली निरुपयोगी झाडं म्हणायचे, जळणाला तोडायचे. आता कुणी कोयता घेऊन आत शिरलं तर पहिल्या बायकाच हटकतात, कारण झाड गेलं तर गिऱ्हाईक गेलं. नंतर ग्रीन क्लायमेट फंडातून महाराष्ट्र, आंध्र, ओडिशा असा मोठा प्रकल्प मंजूर झाला, त्यात पण सिंधुदुर्ग आहे, खेकडापालन, कालवं वगैरे.

सगळं गोड नाही. प्रकल्प असतो तोपर्यंत अधिकारी येतात, मुदत संपली की फोन उचलत नाहीत. खेकड्याचं बी वेळेवर मिळत नाही. जे प्रकल्पानंतरही टिकलं ते एवढ्यासाठी टिकलं की त्यात रोजचा धंदा होता आणि तो बायकांच्या स्वतःच्या हातात होता.

पर्णिका

अजून एक उदाहरण देते, उलट्या बाजूचं. इक्वेडोरने २००७ ला जगाला सांगितलं की यासुनीच्या जंगलाखालचं तेल आम्ही काढत नाही, त्या बदल्यात ३.६ अब्ज डॉलर द्या, तेलाच्या अर्ध्या किमतीएवढे. २०१३ पर्यंत हातात आले जेमतेम १.३ कोटी. नाद सोडला आणि तेल काढायला घेतलं. जगाने त्यांना तोंडघशी पाडलं असंच म्हणावं लागेल. पण २०२३ च्या ऑगस्टमधे तिथल्या लोकांनी सार्वमत घेतलं आणि बहुमताने ठरवलं की तेल जमिनीतच राहू दे. पैसे न मिळताही.

सह्याद्रीपुत्र

हे इक्वेडोरचं माहीत नव्हतं. लोकांनी स्वतः ठरवलं असेल तर माझा आक्षेपच नाही, मी वरून लादण्याच्या विरोधात आहे. आमच्या गावात सामाईक राई आहे, देवस्थानची, तिला अजून कुणी हात लावलेला नाही. बेहडे आहेत त्यात तीन-चार, मोठे. देवस्थानच्या फळांवर हक्क कुणाचा, हे विचारून सांगू शकेल का कोणी?

सातबारा

देवस्थानची जमीन असेल तर आधी सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा, देवाचं, ट्रस्टचं की सरकारचं, आपल्याकडे तिन्ही प्रकार आहेत. उतारा काढून नावं झाकून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इतरांनाही सांगतो, ज्यांना रान राखायचा करार करायचाय त्यांनी वारसनोंदी आधी लावून घ्या, ते काम आजपासून सुरू केलं तरी वर्ष जातं. तोपर्यंत गावात असलेल्या हिस्सेदारांनी 'सर्वांच्या संमतीशिवाय तोड करू नये' असा लेखी अर्ज वनखात्याकडे देऊन ठेवा, पोच घ्या. परवानगीच्या वेळी तो कागद उपयोगी पडतो.

रातांबा

काका, धन्यवाद, हे अर्जाचं फार कामाचं आहे.

सह्याद्रीपुत्र, बेहडा हिवाळ्यात पडायला लागतो, त्याआधी झाडांचे फोटो आणि बुंध्याचा घेर मोजून पाठवा, ढोली असेल तर तिचाही. मी इकडे फळ गोळा करणाऱ्या मंडळींना विचारते की तुमच्या बाजूचा माल ते घेऊ शकतील का, आणि कमीत कमी किती लागेल. खाडीकाठची ताई, तुमच्या गटातल्या कुणाशी बोलता येईल का? प्रकल्प संपल्यावर तुम्ही कसं चालवलंत, दर कसा ठरवलात, हे आमच्या इथल्या बायकांना ऐकायचंय.

खाडीकाठची

हो, बोलता येईल. सकाळी भरती असली की त्या होडीवर असतात, दुपारी तीननंतर फोन करा. नंबर त्यांना विचारून व्यनि करते.